बसमध्ये जन्मलेल्याने काय करावं

फाट्यावरची निळी पाटी: हिंगाडे गावात आपले स्वागत आहे. खाली लहान अक्षरांत: आमचे गाव, बिनविरोध गाव. येता-जाता म्हशी अंग घासतात म्हणून पाटी एका बाजूला कलली आहे.

फडक्यात बांधलेला पितळी डबा, एसटीच्या ड्रायव्हरच्या सीटमागे.

प्रश्न दुसरा (ब): मूक संमती म्हणजे काय? सोदाहरण स्पष्ट करा.

साय धरलेला चहा.

गुलाबी किनारीची शाल, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत.

'काहून' हा शब्द, म्हणजे 'का'. फैजपूरकडचा. शिरपूरच्या बाजूला तो ऐकला की लोक गालात हसतात.

मतदान केंद्रातलं पुठ्ठ्याचं खोकं, ज्याच्या आड उभं राहून बटण दाबतात.

*

अभिमन सर पिंप्राळ्यात राहतात. जळगावच्या एका कॉलेजात त्यांनी उभी हयात राज्यशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी कॉलनीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. इस्त्रीवाला सर म्हणतो, भाजीवाली सर म्हणते, आणि राग आला की बायको सुनंदाबाईही सर म्हणते. त्यांचा खरा जीव दुसऱ्या वर्षाच्या एका पेपरात अडकलेला होता. राजा देवाने नेमलेला नसतो, माणसांनी मानलेला असतो. माणूस कोरी पाटी घेऊन जन्मतो, तिच्यावर लिहितो तो अनुभव. काही हक्क कुठल्या सरकारने दिलेलेच नाहीत, म्हणून कुठल्या सरकारला ते काढून घेता येत नाहीत. युरोपातल्या त्या टोपवाल्या विचारवंतांबद्दल सर असे बोलायचे, की ते सगळे सकाळच्या अमळनेर गाडीने उतरून मागच्या बाकावर बसलेत असं पोरांना वाटावं.

फोन प्रेमराजचा आला. प्रेमराज म्हणजे सरांच्या थोरल्या भावाचा, चिंधानानांचा मुलगा. हिंगाड्यात बारा महिने पांढऱ्या कपड्यांत वावरणारा एकमेव माणूस.

"काका, गावनं काम शे. तुमले येनंच पडी."

"काय झालं?"

"काहूनबाईनी अर्ज भरा."

काहूनबाई म्हणजे दिपमाला. फैजपूरकडची, केळीच्या बागायतदाराची मुलगी, सरांची विद्यार्थिनी. लग्न होऊन नेमकी सरांच्याच गावात पडली, दीपकच्या घरी. माहेरचा 'काहून' तिने सासरी आणला आणि गावाने त्याचं तिला नाव ठेवलं. नळाला पाणी काहून नाही, ग्रामसेवक काहून येत नाही. गावात ती काहूनबाई झाली ती झालीच.

यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव होतं. गावाने बेबाबाईचं नाव ठरवलं होतं. बेबाबाई म्हणजे चिंधानानांची बायको, प्रेमराजची आई, सरांची वहिनी.

"तुमनी विद्यार्थिन ना ती," प्रेमराज म्हणाला. "तुमनं ऐकी. दुसरा कोणनं ऐकाव नही."

"अरे, पण तिने अर्ज भरला तर होऊ द्या ना मतदान. मतदान वाईट असतं का?"

तिकडे फोन चिंधानानांच्या हातात गेला.

"अभिमन," नाना म्हणाले, "पल्याडना गावमा काय व्हयनं ते तुले माहीत शे."

माहीत होतं. शेजारच्या गावात निवडणूक झाली, दोन सख्खे भाऊ दोन पॅनलांत गेले, एक गेल्यावर दुसरा तिरडीला खांदा द्यायला आला नाही. दोन घरांमधल्या भिंतीवर काचा लावल्या. हिंगाड्यात असं कधी झालं नाही. सरांनी स्वतः वर्गात हे उदाहरण दिलं होतं: माणसं राज्य का मानतात? आधी जिवंत राहायचं असतं म्हणून. शांतता हवी असते म्हणून. बाकीचं नंतर.

"येतो," सर म्हणाले.

*

चोपडामार्गे बसने जाताना त्यांना डबा आठवला. धुळ्यात शिकायला होते तेव्हा बेबावहिनी नुकती लग्न होऊन आली होती. पहाटे उठून ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी भाजायची, लसणाची चटणी घालायची, फडक्याला गाठ मारून डबा सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायची. धुळ्याच्या स्टँडवर अभिमन उभा असायचा. गाठ सोडताना आत भाकर अजून कोमट असे. त्या डब्यावर तो शिकला असं घरात सगळे म्हणायचे, आणि ते खरं होतं.

आता त्या वहिनीचं नाव आलं होतं. तिच्या विरोधात बोलायला आपण कुठल्या तोंडाने जाणार, हा विचार सरांनी चोपड्याच्या अलीकडेच केला आणि तिथेच मिटवला.

*

हिंगाड्याची रीत अशी. निवडणूक लागली की गाव मारुतीच्या पारावर बसतं. गाव म्हणजे पुरुष. थोरला माणूस नाव घेतो. मग तीनदा विचारतो: हरकत शे का कोणले? तीनदा कुणी बोलत नाही. नारळ फुटतो. ज्यांनी उगाच अर्ज भरलेले असतात ते शिरपूरला जाऊन काढून घेतात. काम झालं. मतदानाच्या दिवशी गावातली शाळा कुलूप लावून बसते आणि पोरं तिच्या आवारात क्रिकेट खेळतात.

या खेपेला अर्ज माघारीचा दिवस उजाडला तरी काहूनबाईचा अर्ज जागचा हलला नव्हता. म्हणून गाव पुन्हा बसलं, सरांना मधोमध बसवून. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. सरांनी ती काढून पिशवीत घातली, तर दुसऱ्याने पुन्हा टाकली.

भटू नावाचा एक जण, सरांच्याच वयाचा, शाळेतला सोबती, समोर विडी विझवत म्हणाला, "सर, तुम्हीच शिकाडं तिले. आते तुम्हीच इसराडी द्या."

सगळे हसले. सरही हसले. मग नानांनी घसा साफ केला.

"बेबाबाईनं नाव शे. हरकत शे का कोणले?"

पिंपळावरून एक कावळा उडाला.

"हरकत शे का?"

सरांच्या जिभेवर काहीतरी आलं होतं. काय ते त्यांना आजही नीट सांगता येत नाही. कदाचित एवढंच, की तिला इथे बोलवा ना. पण पारावर बाई बोलावतात का, हा प्रश्न आधी आला, आणि त्याचं उत्तर सरांना लहानपणापासून पाठ होतं.

"हरकत शे का कोणले?"

नारळ फुटला. पाणी पायरीवर सांडलं. प्रेमराजने लगेच फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. फोटोत सर मध्ये, शालीत. खाली मजकूर: प्रा. अभिमन सरांच्या मार्गदर्शनाखाली सर्वानुमते निर्णय.

*

दीपकच्या ओट्यावर खाटा टाकलेल्या होत्या. दीपक भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता. त्याची आई यशोदाबाई दारात उभी, पदर तोंडाशी. दिपमालाने चहा आणला. आधी नानांना, मग सरांना. वाकून पाया पडली तेव्हा सरांनी नेहमीसारखा हात वर केला.

"वहिनी," प्रेमराज म्हणाला, "गाव तुमनं शे ना? मंग गावले कसाले भांडनमा टाकतस? पुढली खेपले तुमनंच नाव."

"पुढच्या खेपेला जागा राखीव नसेल."

"नसी तं नसी. गाव ठराई. गावले काय, कोणबी चालस."

"तेच म्हणते मी," दिपमाला म्हणाली. "कोणीही चालतं. म्हणूनच कोणाला विचारत नाहीत."

दीपकने मान थोडी वर केली आणि परत खाली घातली.

"हे बघा नाना," ती पुढे म्हणाली. आवाज चढवला नव्हता, उलट कमी केला होता. "मी निवडून येत नाही हे मला माहीत आहे. बेबाबाईंवर, मोठ्या अक्कांवर, माझा काही राग नाही. पण शाळेतला सातवीचा वर्ग बंद झाला तेव्हा कागदावर होतं, ग्रामसभेत सर्वानुमते. त्या दिवशी मी गावातच होते. ती सभा कुठे भरली, मला कोणी दाखवा. माझी मयुरी आता रोज काळीपिवळीत कोंबून शेजारच्या गावी जाते. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. बास, एवढंच."

"कोणी हरकत लिधी नही तवय," प्रेमराज म्हणाला.

"हरकत घ्यायला बोलावलं होतं कोणी?"

"आते बोलना ना मंग. आते तं घरलोंग उनूत आम्ही."

"तुम्ही माझा अर्ज काढून घ्यायला आलात. ते विचारणं नव्हे." ती ओट्याच्या कडेला बसली. "मतदान झालं की गावातली एकेक बाई त्या खोक्याच्या आड जाईल. तिथे नवरा नाही, सासू नाही, प्रेमराजभाऊ तुम्हीही नाही. घरात तरी अशी जागा आहे का आमची? मला नाही मत दिलं तरी चालेल. पण एकदा प्रत्येकीला तिथे उभं राहू द्या."

 यशोदाबाईने पदर तोंडावरून खाली घेतला, मग परत वर केला.

दिपमाला सरांकडे वळली.

"काहून सर? तुम्ही काहीच बोलत नाही?"

सगळ्या ओट्याचं तोंड सरांकडे झालं. नाना त्यांच्याकडे बघत होते. नानांच्या पलीकडे, चार घरं सोडून, बेबावहिनीचं घर. कपातल्या चहावर साय धरली होती. सरांनी ती बोटाने कडेला सारली आणि एक घोट घेतला.

"चहा चांगला झालाय, दिपमाला," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. फार वेळ नाही. वर्गात उत्तर अर्धवट राहिलं की पोरं बघतात तेवढंच. मग कप गोळा करून आत गेली. बाहेर आली ती साडी बदलून, खांद्याला पर्स अडकवून.

"चला," ती प्रेमराजला म्हणाली. "उशीर नको. तीनला खिडकी बंद होते."

जीप शिरपूरला गेली. दीपक पुढे बसला, ती मागे. सर ओट्यावर राहिले. कुणी त्यांना सोबत चला म्हटलं नाही. त्यांची गरज संपली होती.

*

सर म्हणू शकले असते: अर्ज ठेव.

किंवा: काढून घे, गावात भांडण नको. तेही चाललं असतं. निदान ती त्यांच्याशी भांडली असती.

किंवा: मला माहीत नाही.

*

आता वर्गातलं.

सरांनी फळ्यावर 'मूक संमती' लिहिलं होतं. उदाहरणं ते नेहमी इथलीच द्यायचे, पुस्तकातली नाही. म्हणाले, समजा तुम्ही एसटीत चढलात. ड्रायव्हरने तुम्हाला विचारलं का, कुठल्या रस्त्याने जाऊ? नाही. पण तुम्ही चढलात, सीट धरलीत, गप्प बसलात. म्हणजे त्याचा रस्ता तुम्ही मान्य केलात. राज्याचंही तसंच. त्याच्या सावलीत राहता, त्याच्या रस्त्यावरून चालता, म्हणजे तोंडाने न बोलता तुम्ही हो म्हणालात.

तिसऱ्या बाकावरून हात वर आला.

"काहून सर? आणि जो बसमध्येच जन्मला त्याने काय करायचं?"

वर्गात हशा फुटला. मागून कुणीतरी म्हणालं, "डिलिव्हरी झाली वाटतं चोपड्याच्या गाडीत!" एकाने बाकावर हात आपटला. दिपमाला मात्र उभीच होती. हसणाऱ्यांकडे तिने बघितलंही नाही.

"तो कुठे चढला, सर? त्याला कोणी विचारलं? आणि गाडी चालू असताना उतरा म्हटलं तर तो कुठे उतरेल?"

सरांना तो प्रश्न फार आवडला. घरी जाऊन त्यांनी सुनंदाबाईला सांगितला, पुढच्या प्रत्येक वर्षी प्रत्येक वर्गाला सांगितला. 'माझी एक विद्यार्थिनी' अशी सुरुवात करून. पेपर तपासताना तिला त्या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण दिले. उत्तर मात्र दिलं नाही. तेव्हा घंटा झाली होती आणि सर म्हणाले होते, "पुढच्या तासाला बघू." पुढच्या तासाला ते नैसर्गिक हक्कांवर गेले, कारण अभ्यासक्रम मागे पडत होता.

*

दिवेलागणीला सर वहिनीच्या स्वयंपाकघरात गेले. बेबाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. गॅस होता, पण भाकर ती चुलीवरच करायची. बाहेर प्रेमराजची माणसं गुलाल घेऊन आली होती. कुणीतरी तिच्याही कपाळाला लावून गेलं होतं. पीठ लागलेल्या हाताने तिने तो पुसला होता. आता कपाळावर गुलाबी आणि पांढरं एकत्र झालं होतं.

"अभिनंदन, वहिनी."

"कसानं?"

"सरपंच झालीस ना."

तिने भाकर तव्यावर टाकली. पाणी फिरवलं.

"माले कोणी इचारं?"

सर पाटावर बसले होते. त्यांना वाटलं, ऐकण्यात काही चुकलं.

"नानांनी सांगितलं नाही तुला?"

"सांगं ना. नाव लिधं, मंग सांगं. पारवर मन्हं नाव लिधं तवय मी वावरमा व्हतू, कापूस येचत." ती हसली, पण चुलीकडे बघून. "आते शिरपूरले जानं, मीटिंगमा बसनं, सही करनं. सही प्रेमराज सांगी तठे. मन्हा गुडघा दुखस, अभिमन."

"मग नाही म्हणायचं होतंस."

"कोणले?"

 भाकर फुगली. तिने ती काढून निखाऱ्याला लावली, फिरवली, टोपलीत टाकली.

"तू आज पारवर व्हता," ती म्हणाली. "तू तं शिकेल माणूस. तू घर ईसन इचारं आसतं, वहिनी, तुले व्हनं शे का, तं मी नही म्हनी देतू. तुले मी खोटं सांगती का कधी?"

मग थोड्या वेळाने, जणू भाकरीलाच सांगावं तसं ती म्हणाली, "मत पडतं ना, तं मी काहूनबाईलेच देतू. पोर खरं बोलस. त्या खोकाना आड कोण देखस?"

तिने ताटात भाकर वाढली, लसणाची चटणी वाढली, वर तेल सोडलं. सर जेवले. एक भाकर पूर्ण जेवले, कारण ताटात टाकलेलं त्या घरात चालत नाही. वहिनीने दुसरी वाढली तीही खाल्ली. सकाळपासून दोन बायकांना कुणी काही विचारलं नव्हतं, आणि त्या दोघींच्या मध्ये ते शाल घेऊन बसले होते.

*

पिंप्राळ्याला परतल्यावर शाल सुनंदाबाईने पिशवीसकट कपाटात ठेवली. "चांगली आहे," ती म्हणाली. "कुणाच्या तरी सत्काराला होईल."

ग्रुपवर फोटो आणखी बरेच दिवस फिरत होता. जुन्या विद्यार्थ्यांनी त्याखाली अंगठे टाकले. एकाने लिहिलं, सर, तुमच्यासारखी माणसं गावोगावी हवीत. सरांनी काही लिहिलं नाही. काही लिहिलं नाही म्हणजे काय धरतात, हे त्यांना माहीत होतं.

कापूस संपत आला तेव्हा एकदा त्यांनी दिपमालाला फोन केला. बोलायचं काय ते मनात जुळवून ठेवलं होतं. तिने पहिल्याच घंटीला उचलला.

"सर, तब्येत कशी आहे? आवाज बसलाय तुमचा."

"बरी आहे. दिपमाला, त्या दिवशी ओट्यावर—"

"मयुरीला चष्मा लागला, सर. माझ्यासारखाच. सुनंदाताई कशा आहेत?"

"बरी आहे. मी म्हणत होतो, तू वर्गात एकदा एक प्रश्न विचारला होतास. बसचा. आठवतो?"

"नाही, सर. किती वर्षं झाली."

"मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं."

"असू द्या," ती म्हणाली. "मला तर प्रश्नही आठवत नाही."

खोटं बोलत होती. सरांना ते कळलं, कारण इतक्या वर्षांत तिच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच खोटं ऐकलं होतं. मग पावसापाण्याचं झालं, कापसाच्या बोंडअळीचं झालं. मोठ्या अक्का मीटिंगला खुर्चीत बसूनच झोपतात, असं ती हसत म्हणाली. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. सर वाट बघत होते. कुठल्याही वाक्याच्या सुरुवातीला तो एक शब्द येईल म्हणून. ते मुद्दाम काहीबाही बोलले. ग्रामसेवक आता येतो का, असंही विचारलं. "नाही येत," ती म्हणाली, आणि पुढे काही विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर सर बराच वेळ गच्चीत उभे राहिले. खालून सुनंदाबाईने हाक मारली, "सर, जेवायला येताय का?"

सरांनी ओ दिली नाही. ते येताहेत असं धरून तिने ताट वाढलं.

*

नोकरी कायम झाली त्या वर्षीच अभिमन सरांनी हिंगाड्याच्या मतदार यादीतून आपलं नाव काढून पिंप्राळ्यात नोंदवलं होतं; पारावर बसले तेव्हा त्यांना तिथे मतच नव्हतं.